माझ्या अंगणातला लोडर

शेवटच्या भेटीतही रशीदभाईंनी माझ्या दारातल्या आंब्याला नावं ठेवली. फांद्या दाटल्यात, आत ऊन जात नाही, आणि मालक नुसता सावलीत बसून खातो... सोमवारी छाटू, म्हणाले. रविवारी पहाटे झोपेतच गेले. परंड्यात बातमी पसरली तेव्हा कित्येकांना आधी आपापली झाडं आठवली असतील, कारण गावातल्या निम्म्या झाडांवर त्यांचा हात फिरलेला. आता महिना होत आला.

सहा वर्षांपूर्वी चिंचेवरून पडून त्यांचा गुडघा गेला. वर चढायला माणसं मिळत, पण ओंडके हलवणं, मोठी रोपं खड्ड्यापर्यंत नेणं त्यांना जमेना. घरचे म्हणत, आता पुरे. हा माणूस घरी बसला तर वर्षभरात खचेल, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं, कारण त्यांनी छोटा लोडर घ्यायचं ठरवलं. शिल्लक बेताची, म्हणून जुनाच. मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, इंजिनाचा आवाज ओळखतो, म्हणून मला सोलापूरला सोबत नेलं.

तिथं दोन लोडर होते. एक थोराड, चकचकीत, हप्त्यानं मिळणारा. दुसरा बुटका, रंग उडालेला, सीट फाटलेली. मी थोराडावर बसून ऐटीत इंजिन ऐकत होतो, तोवर रशीदभाईंनी विक्रेत्याकडं दोन बादल्या पाणी मागितलं. जमीन भिजवली, दोन्ही लोडर त्या चिखलावरून चालवायला लावले आणि चाकाच्या खुणेत बोट घालून पाहिलं. विक्रेत्यानं कपाळाला हात लावायचाच बाकी होता.

"मोठा लई जड हाय," ते म्हणाले. "झाडाखालची माती दाबली की मुळांचा दम कोंडतो. बुटका बरा, फाटकातनंबी जातो." गिऱ्हाइकांच्या फाटकांची मापं त्यांनी सुतळीला गाठी मारून सोबत आणली होती.

दुसऱ्या दिवशी लोडर थाटात गल्लीत आला आणि त्यांच्याच फाटकात अडला. चार बोटं कमी! अख्ख्या गावाची फाटकं मोजली आणि स्वतःचं राहिलं. गल्ली पोट धरून हसली, त्यात ते सगळ्यांच्या पुढं. शेवटी लोडर माझ्या अंगणात लावला, तात्पुरता म्हणून.

तेव्हा माझी बायको जाऊन वर्ष झालं होतं, पोरगा पुण्यात. दोन-दोन दिवस मी कुणाशी बोलत नसे. खरं सांगायचं तर बोलावंसंही वाटत नसे. रशीदभाई रोज सकाळी लोडर न्यायला येत, पण आधी चहा, मग माझ्या इंजिनाच्या ज्ञानाची टिंगल, मग भूमकडच्या एखाद्या वडाची हकिकत. फाटक रुंद करायचं विचारलं की म्हणत, गवंडीच मिळत न्हाय. सहा वर्षं त्यांना गवंडी मिळाला नाही, आणि मलाही त्याची घाई नव्हती.

परवा रशीदभाईंच्या पत्नी हमीदाभाभी आणि थोरली लेक सलमा आल्या. वडिलांच्या हाताखाली शिकलेली सलमा आता हे काम चालवणार आहे. लोडर जाणार असं धरून मी चावी पुसून ठेवली होती. मन घट्ट करून म्हणालो, गवंडी मी बघतो, फाटक रुंद करून घ्या.

भाभी म्हणाल्या, "फाटक त्यांनी सगळ्यात आधी मोजलं हुतं, भाऊ. म्हणले, लोडर घरात मावला तर ड्रायव्हरसाहेबाकडं रोज जायला निमित्त काय?"

सलमानं चावी उचलली, ओढणीच्या टोकाला बांधली.

"राहू द्या इथंच, काका. सकाळी सातला येते."

सकाळी साडेसहालाच मी चहा टाकला.