ताम्हनातलं नाव

लग्नात पद्मनाभने ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने ‘उर्मिला’ लिहिलं आणि नंदा संपली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही हो!

आता सिंगापुरात बुकित तिमाहच्या कॉन्डोत आठ वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. हात त्याने कधी उगारला नाही, गरजच काय? तिथे राहायचा तिचा पास त्याच्या नोकरीवर, पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपाआड. “एक मेल टाकला की तुझा पास रद्द. तू पुण्याला, भार्गवी इथे,” असं तो आमटी वाढून घेता घेता सांगे. सात वर्षांच्या लेकीचं नाव निघालं की तो म्हणेल ते ती कबूल करी.

तो पाया लेबारच्या ऑफिसात गेला की ती लायब्ररी गाठायची. तिथे आफ्रिकेतल्या कादंबऱ्या हाती लागल्या. त्यांतल्या बायका नवऱ्याची चाहूल लागताच बोलणं अर्ध्यावर गिळायच्या. अगं बाई, ही तर मीच! त्या बायकांवर तिने वीस पानं लिहिली आणि विद्यापीठातल्या संशोधन सहायकाच्या जागेसाठी धाडली. जागा मिळाली तर स्वतःचा पास मिळणार होता. पदवीवरचं नाव नंदा, म्हणून अर्जावरही नंदा. पण जित्याची खोड! आठ वर्षं प्रत्येक फॉर्मवर लिहिला तोच मोबाइल नंबर तिने लिहिला. पद्मनाभचा. ध्यानात आलं तेव्हा अर्ज गेला होता.

मग त्याचा फोन वाजला की ही हातातलं काम टाकून कान देई.

शनिवारी जेवताना तो वाजलाच. हात वरणाचे, म्हणून त्याने स्पीकर लावला. विद्यापीठातली बाई इंग्रजीत विचारत होती, “नंदा आहेत का? त्यांना जागा देतोय, पण आजच होकार हवा.”

“नंदा? इथे कुणी नंदा नाही.”

ते सोंग नव्हतं. मेला खरंच विसरला होता! गप्प राहिली असती तर वाचली असती ती. पण जागा गेली असती.

“अहो, ठेवू नका. नंदा मीच.”

पद्मनाभने हातातला घास ताटात ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, “भार्गवी, आत जा.”

नंदाने लेकीचा खरकटा हात घट्ट धरला आणि फोनकडे वाकून सांगितलं, “येस, स्पीकिंग.”