मीरासाहेबांची अत्तरदाणी

मीरासाहेबांचे वडील हैदराबादेत बिल्लोराच्या, म्हणजे नितळ स्फटिकाच्या अत्तरदाण्या कोरायचे. गिऱ्हाईक आटलं, वडील गेले, आणि १९६३ साली मीरासाहेब बायकोला, ताजुन्निसाला घेऊन पिंपरीत आले ते थेट कंपनीच्या ग्राइंडिंग खात्यात. पंधरा वर्षं लोखंड घासलं. पगार वेळेवर मिळाला, त्याच्या बदल्यात कान गेले. सौदा काही वाईट नव्हता, असं ऑफिसातले लोक म्हणत. त्यांचे कान शाबूत होते, म्हणायला त्यांचं काय जातंय!

वडिलांच्या हातची असायची तशी पातळ अत्तरदाणी एकदा तरी आपल्या हातून व्हावी, एवढीच हाव त्यांना उरली होती. मोशीच्या खाणीवरच्या साहेबरावाने पेरूएवढा स्वच्छ स्फटिक आणून दिला, आणि ताजुन्निसाचा गुरुवार संपला. गुरुवारी कंपनीला सुट्टी. मीरासाहेब दगडावर तांब्याची नळी धरायचे, कुरुंदाची ओली भुकटी सोडायचे, आणि नळी फिरवणारी कमान ताजुन्निसा ओढायची. दिवसभर राबून ज्वारीच्या दाण्याएवढं कोरलं जायचं. अशी चार वर्षं गेली. तिच्या खांद्याला कुणी विचारलं नाही.

अत्तरदाणीची भिंत पातळ झाली की दगडाचा बद्द आवाज किणकिणायला लागतो. तिथेच थांबायचं. आणखी एक फेरा, की तडा. मीरासाहेबांना आता कंपनीचा भोंगाही धड ऐकू येत नव्हता, म्हणून ऐकायचं कामही ताजुन्निसाकडेच. "किणकिणलं की हात वर कर," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

एका गुरुवारी दुपारी तिने कमान खाली ठेवली आणि हात वर केला.

मीरासाहेब हरखले. घाईघाईने अत्तरदाणी धुतली, करंगळी आत घालून बाहेरून अंगठ्याने भिंत चाचपली. चांगली जाड होती. अजून निम्मी तरी उतरायला हवी होती. एवढ्या जाडीला कुठलाच दगड किणकिणत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यांना राग आला, खरंच आला. वर पाहिलं तर ताजुन्निसा डाव्या हाताने उजवा खांदा दाबत बसली होती.

"बोलला का दगड?" त्यांनी विचारलं.

"हो. चांगला किणकिणला," ती त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मोठ्याने म्हणाली. नजर मात्र जमिनीवर.

मीरासाहेबांनी तांब्याची नळी पुसली आणि फडक्यात गुंडाळली.

"मलाही ऐकू आला," ते म्हणाले.