सहा नर रातांबे

दुपारी जेवून पडवीतल्या बाजेवर आडवी झाले आहे. चार वाजता करवत घेऊन बाबल येणार, तेव्हा डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवते आणि नेमका तेव्हाच लागतो. आतून कुणीतरी हाक मारतं, "कुंदे, ऊठ गं. लोळतेस काय भरदुपारी!"

मला 'कुंदे' म्हणणारी एकच. विमलवन्सं, माझी थोरली नणंद. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मी स्वयंपाकघरात जाते. ओटा नाही, जमिनीला माती आहे आणि आमची रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सातही झाडं कौलांना डोकी टेकून उभी आहेत. वन्सं उकिडव्या बसून एका झाडाला आळं करताहेत.

"आलात ते बरं झालं," मी म्हणते आणि लगेच भडकते. मला दुसरं जमतच नाही. "बघा तुमचा पराक्रम! घसा फोडून सांगत होते, कलमं आणा. बी लावली की नर निघेल का मादी, कुणाला ठाऊक? तुम्हाला मेली ती विहिरीवरच्या झाडाचीच बी हवी. सहा वर्षं पाणी घातलंत. तुम्ही गेलात आणि झाडं फुलली, तर सातातली सहा नर! एक कोकम धरत नाही. आज बाबल तोडणार."

"मग तोड की."

"तोड की काय! तुमच्या हातचं दुसरं उरलंय काय घरात?" मी एका खोडाला हात टेकते. "मला नाही हो तोडायची."

"तर त्यांच्यावर मादीचं कलम बांध."

"बांधलं! दोन पावसाळे बांधलं. सगळी कुजली."

"मी शिकवते म्हणत होते, तेव्हा नाक मुरडून गेलीस."

खरंय. नणंदेकडून धडे कोण घेणार? तेव्हा फार तोरा होता मला.

आता आम्ही विहिरीच्या काठावर बसलोय. इथे कधी आलो, कळलं नाही. वन्सं कनवटीतून दुधाच्या पिशवीची कापलेली पट्टी काढतात. "बोट उभं धर, हेच कलम समज. ही त्याच्यावर बांधून दाखव."

मी नेहमीसारखी बांधते, टोकापासून खाली. वन्सं वरून तांब्याभर पाणी ओततात. पट्टी सोडते तर आत बोट चिंब.

"अगं बये! कौलं अशी चढवतात का? खालची ओळ आधी, वरची तिच्यावर. खालून वर ये, प्रत्येक फेर आधीच्यावर अर्धा चढव, शेवटचा करकचून ओढ."

"एवढंच?" मला रडू येतं. "दोन वर्षं मी एवढ्यासाठी रडतेय?"

"पुन्हा बांध. आणि कलमाला मादीची काडी उभ्या फांदीची घे, आडवीची घेतलीस तर झाड आडवंच पसरेल. एक नर तसाच ठेव. मादीला नवरा नको?"

मी हसत हसत बांधते. खालून वर. "वन्सं, थांबा ना जरा. मला तुमची फार आठवण येते."

"येणारच. भांडायला कोण आहे तुला?"

"काकी! ओ काकी!"

फाटकातून बाबल ओरडतोय. मी बाजेवर उठून बसते. डाव्या हाताच्या बोटावर दुधाच्या पिशवीची पट्टी आहे. खालून वर, फेरावर फेर.

मी तशीच अंगणातल्या नळाशी जाते. बोट उभं धरून वरून पाणी सोडते, भरपूर. मग पट्टी उलगडते. आत बोट कोरडं आहे.

"काकी, सहाही मुळातून ना?" बाबल करवत काढत विचारतो.

"सहा नाही, पाच. आणि मुळातून नाही, कमरेएवढी राहू देत. फुटवे येतील."

"त्या फुटव्यांवर कलम बांधायला माणूस कुठून आणणार?"

"आणायचाय कशाला?" मी म्हणते. "मी बांधणार आहे."