गाळलेल्या पाण्याचा रिपोर्ट

मला माझ्या काकांचा राग येतो, आमच्या लॅबच्या साहेबांचा येतो, आणि वाकडच्या एका सोसायटीच्या गेटसमोर पालकाच्या जुड्या घ्यायला उभ्या राहणाऱ्या लोकांचा तर फारच येतो. स्वतःचा येतो तो वेगळाच, त्याच्याबद्दल बोलायला घरात कुणाला वेळ नाही.

चाकणच्या बाजूला एका खासगी लॅबमध्ये मी पाणी तपासते. कंपन्यांचे कॅन येतात, काय शोधायचं ते सोबत लिहिलेलं असतं. धातू शोधायचे असले की आम्ही पाणी आधी बारीक फिल्टर पेपरमधून गाळतो. यंत्राची नळी केसाएवढी. जरासा कचरा गेला तरी तुंबते, आणि ती तुंबली की साहेब तोंडाला येईल ते बोलतात. म्हणून गाळायचं, खालचं स्वच्छ पाणी यंत्राला द्यायचं आणि कागद डब्यात टाकायचा. नऊ वर्षं मी हेच केलं. हात आपोआप चालत होते, डोकं चालवायची वेळ आली नाही आणि मी ती आणलीही नाही.

काकांचं इंद्रायणीच्या काठाला थोडं रान उरलंय. बाकीच्या जमिनीवर गाळे झाले, त्यांच्या भाड्यावर घर झकास चालतं. भाजी लावतात ती हौसेने. मोटर टाकून नदीचं पाणी देतात आणि काढलेल्या जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून नदीतच बुचकळून घेतात. रविवारी सकाळी वाकडला एका मोठ्या सोसायटीच्या गेटपाशी टेम्पो लावून विकतात. जाताना कासारवाडीला आमच्या दारात पालकाच्या दोन जुड्या ठेवून जायचे. माझी लेक चार वर्षांची. भाजी म्हटलं की तोंड फिरवते, पण काकांच्या पालकाचे पराठे मागून खायची.

वाकडचे लोक विचारतात, पाणी कुठलं. त्यावरून काका रिपोर्टसाठी माझ्या मागे लागले. मी नदीच्या पाण्याची बाटली आणली, नेहमीसारखी गाळली, तपासली. एकही धातू मर्यादेबाहेर नव्हता. लॅबच्या कागदावर रिपोर्ट काढून खाली सही केली. काकांनी तो लॅमिनेट करून टेम्पोला टांगला. पुतणीची सही म्हणून चारचौघांत दाखवायचे, आणि मीही तेव्हा फुशारले होते, खोटं कशाला सांगू.

एका रविवारी पालक धुताना पातेल्याच्या तळाशी कण दिसले. वाळू समजून ओतून देणार होते, पण वाळू निळी नसते. बोटावर घेऊन पाहिले. काही पांढुरके, काही निळसर, नखाने दाबले की भुगा होणारे. उन्हात वर्षानुवर्षं पडून फुटलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे. असेच कण मी रोज फिल्टर पेपरवर बघत होते आणि कागदासकट डब्यात टाकत होते.

नवं प्लॅस्टिक गुळगुळीत असतं, त्याला फारसं काही धरत नाही. उन्हापाण्यात राहिलं की त्याला तडे जातात, वर बुळबुळीत थर चढतो आणि पाण्यातले धातू त्याच्यावर बसत जातात. आमच्या नदीत धातूंना तोटा नाही. धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी तिथेच, रंगाच्या कारखान्यांचं तिथेच. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत चांगलं दोन पानं लिहिलंही होतं. पास झाले आणि विसरले.

दोन-तीन रविवार मी पातेल्यातले कण जमवले, माती बाजूला काढली, लॅबमध्ये ते आम्लात उकळले आणि ते पाणी यंत्राला दिलं. शिसं निघालं, निकेल निघालं, क्रोमियम निघालं. साहेबांसमोर कागद ठेवला. ते म्हणाले, आपला आधीचा रिपोर्ट बरोबरच आहे, पाण्यात विरघळलेले धातू विचारले होते, तेवढेच आपण सांगितले. फिल्टरवर राहिलं त्याच्याशी आपला संबंध नाही. माझं डोकं फिरलं, कारण नियमाने त्यांचं काही चुकत नव्हतं.

शनिवारी मी काकांच्या रानात गेले. सगळं समजावून सांगितलं, कणही दाखवले. त्यांनी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले.

"ह्ये पोटात जातंय म्हनतीस?"

"पानाला चिकटून जातंय, काका. पोटातल्या आम्लात धातू सुटतात. किती, ते मला माहीत नाही. पण लेकीला मी आता हे देणार नाही."

"न्हाई, न्हाई. तुझ्याकडं न्हाई ठिवणार आता. लेकराला कशाला?"

मला भरून आलं. तेवढ्यात ते खाली वाकले आणि उद्याच्या जुड्या बांधायला लागले. मी विचारलं, वाकडच्या लोकांचं काय. ते म्हणाले, ती शिकलेली माणसं हायेत, धुऊन खात्यात. मी रिपोर्ट परत मागितला.

"का? खोटा हाय का त्यो?"

खोटा आहे असं मला म्हणता येईना. अर्धवट आहे म्हणाले, तर ते हसले. आपल्या घरात विष नको आणि दुसऱ्याच्या घरात चालतंय, असं मी त्यांना तोंडावर बोलले. वडिलांनंतर ज्यांनी मला शिकवलं त्यांना बोलले, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

रविवारी मी वाकडला टेम्पोशेजारी जाऊन उभी राहिले. पहिलीच बाई आली, माझ्याच वयाची. मी तिला म्हणाले, हा पालक घेऊ नका. तिने कानातला इयरफोन काढून माझ्याकडे पाहिलं, मग टांगलेल्या कागदाकडे.

"पण लॅब रिपोर्ट आहे ना इथे."

मी म्हणाले, त्यावरची सही माझी आहे, ते पाणी मी गाळून तपासलं होतं, नदीतलं प्लॅस्टिक त्यात धरलेलंच नाही. माझा आवाज चढला होता. काका जुड्या नीट लावत होते.

"मॅडम, तुमचं घरगुती काही असेल तर प्लीज घरी बोला," ती म्हणाली. "वयस्कर माणूस आहे. लोकांच्या पोटावर का उठता?"

तिने तीन जुड्या घेतल्या. मग मोबाईल काढून रिपोर्टचा फोटो घेतला आणि मला ऐकू जाईल असं काकांना म्हणाली, सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, कुणी उगाच अफवा पसरवायला नको. थोड्या वेळात गेटमधून पिशव्या घेऊन माणसं यायला लागली. त्या दिवशी काकांचा सगळा पालक दहाच्या आत संपला.