भिंतीपाशी येणारी बाई

आमच्या दादाला कारखान्यात सगळे चाळणी म्हणायचे. औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर, सुटीच्या वेळी झडती घ्यायचं त्याचं काम. डबा उघड, पिशवी उलटी कर, खिसे बाहेर काढ. एकदा तर त्याने साहेबांची छत्री उघडून बघितली होती. घरीही तेच. दूधवाला जरा हसून बोलला की दादा म्हणायचा, "आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय." त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्याची टर उडवायची. "बाबा, आरशात बघतानासुद्धा तुम्ही ओळखपत्र मागत असाल." वहिनी लवकर गेली, तेव्हापासून मी त्यांच्याकडेच राहते. त्या दोघांचे असले वाद ऐकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

भाची खाडीपलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला होती. रोज बोटीने जायची. ती बोट बुडाली तेव्हा सगळा देश हादरला. झेंडे अर्ध्यावर आले, दुकानं बंद झाली. ज्यांचं बोटीवर कुणी नव्हतं तेही रस्त्यात एकमेकांना धरून रडले. धक्क्याजवळच्या लांब भिंतीवर लोकांनी आपापल्या माणसांचे फोटो लावले आणि दर रविवारी संध्याकाळी तिथे जमू लागले. भाषण नाही, गाणं नाही. नुसतं उभं राहायचं आणि घरी जायचं.

दादा तिथेही फाटकावर असल्यासारखाच उभा राहायचा. "तो बघ, कॅमेरा आला की पुढे सरकतो." "हिचं तर कुणीच गेलं नाही. मग एवढे हुंदके कशाला?"

मी एकदा वैतागून म्हटलं, "दादा, रडायला पास लागतो का?"

"लागायला हवा," तो म्हणाला.

अशात त्याच्या नजरेत एक बाई भरली. साठीच्या आसपासची, करड्या स्वेटरमधली. लोक पांगायला लागले की ती यायची आणि नेमकी आमच्या पोरीच्या फोटोसमोर उभी राहायची. सुकलेली फुलं उचलायची, रुमालाने काच पुसायची. दादाच्या मनात पाल चुकचुकली.

"ही कोण?"

"दुकानातलं गिऱ्हाईक असेल," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक काच पुसायला येतं? कुठेतरी पाणी मुरतंय."

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने खुलासा केला. "अहो, ती त्या खलाशाची आई."

तो खलाशी कोण, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नव्हतं. बोटीच्या खालच्या मजल्याचं दार त्याने बाहेरून लावलं आणि स्वतः पळाला, अशी बोलवा होती. त्याचा मृतदेह सापडला नव्हता. तसे आणखीही कितीतरी सापडले नव्हते, पण पळाला म्हणून बोट फक्त याच्याकडे दाखवलं जायचं. बोटीवरच्या कामगारांचे फोटो भिंतीवर नकोत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. दादाचा हात त्यात सगळ्यात आधी वर गेला होता.

"म्हणजे पोरगा घरात लपवलाय," दादा दात आवळून म्हणाला, "आणि ही इथे येऊन शोकाचं सोंग आणतेय."

पुढच्या रविवारी तो तिच्या मागे निघाला. हा काय करून बसेल या धास्तीने मी त्याच्या मागे. बाई हातमोज्यांच्या कारखान्यामागच्या गल्लीत शिरली आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत गेली. खिडकीबाहेर दोरीवर पुरुषाचे दोन शर्ट वाळत होते. दाराशी मोठाले बूट, चिखलाने भरलेले. दादाने माझं मनगट करकचून धरलं.

"बघितलंस? शर्टातून पाणी ठिबकतंय. आजच धुतलेत."

त्याने कडी वाजवली. दार बोटभर उघडलं.

"कोण?"

"ज्या मुलीचा फोटो तुम्ही पुसता, तिचा बाप."

बाईने साखळी काढली. दादा सरळ आत घुसला. दाराआड बघितलं, पलंगाखाली वाकला, मोरी बघितली, कपाट उघडलं. बाईने अडवलं नाही. मी मात्र शरमेने अर्धमेली झाले. फळीवर एक ताट होतं आणि एकच कप.

"पोलीस दोनदा बघून गेलेत," बाई म्हणाली. "पोटमाळा राहिला तुमचा."

दादाने पोटमाळाही बघितला. तिथे जुन्या गाद्या होत्या.

"मग हे शर्ट कुणाचे?"

"त्याचेच."

"माणूस नाही तर धुता कशाला?"

"एकटी राहते म्हटल्यावर खिडकीवर दगड यायला लागले. शेजारीण म्हणाली, बाप्याचे कपडे दिसू देत बाहेर. म्हणून भिजवते आणि वाळत घालते. बुटांना चिखल मीच लावते."

दादाने पोटमाळ्याची शिडी होती तिथे नेऊन ठेवली. पण तो दादा होता, गप्प बसणार थोडाच.

"आणि माझ्याच मुलीचा फोटो का?"

"तिच्या शेजारी मी याचा फोटो लावला होता. कुणीतरी फाडला. चिकटपट्टीचा तुकडा अजून आहे तिथे. त्या तुकड्याकडे बघत बसले तर लोक हाकलतील. तुमच्या लेकीसमोर उभी राहिले तर कुणी काही म्हणत नाही."

"दार त्यानेच लावलं का?"

"मला ठाऊक नाही, भाऊ. मी नव्हते तिथे. तुम्हीही नव्हता."

घरी आल्यावर तो जेवताना म्हणाला, "खरं बोलत असेल कशावरून?"

"कशावरूनही नाही," मी म्हटलं. "जेव."

तो पुन्हा तिच्याकडे कधी जाऊन आला, मला कळलं नाही. रविवारी भिंतीवर आमच्या पोरीशेजारी खलाशाचा फोटो होता आणि त्याच्यापुढे दादा, हाताची घडी घालून. गर्दीत कुजबुज सुरू झाली. सलूनवाला पुढे आला.

"चाळणी, काढ तो."

"चौकशीचा निकाल येऊ दे. याने दार लावलं असं निघालं तर मीच फाडीन. तोवर हाही बुडालेलाच आहे."

फोटो राहिला, पण त्या दिवसापासून आमच्या आजूबाजूची जागा रिकामी पडू लागली. चाळणीला काहीतरी मिळालं असणार, असं लोक बोलू लागले. दूधवाल्यानेही मला आडून विचारलं. दादाला हे कळत होतं. फाटकावर कुणी झडतीला कुरकुरलं तर आता तो जरा थांबायचा आणि मग पिशवी उघडायला लावायचाच.

निकाल आला तो धड इकडचा ना तिकडचा. दार बाहेरून बंद होतं हे खरं. कुणी लावलं की बोट कलल्यावर अडकलं, ते सांगता येत नाही. लोकांना हवं ते त्यांनी त्यातून उचललं. दादाने बातम्या ऐकल्या, चपला घातल्या आणि मला म्हणाला, "चल."

बाईलाही बातमी कळली होती. तिने आम्हाला बसायला सांगितलं आणि शेजारणीकडून दोन कप मागून आणले. दादाचा संशय पार फिटला, असं मी म्हणणार नाही. चहा पितानाही त्याची नजर एकदा पोटमाळ्याकडे गेलीच.

मग बाईने विचारलं, "तुमची लेक कशी होती हो? मी आपली नुसती फोटोच बघते."

बोट बुडाल्यापासून हे आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. दादाने कप खाली ठेवला. "भलती हट्टी," तो म्हणाला. "लहानपणी एकदा तिला पोहायला शिकवायला नेलं, तर..." आणि त्याला जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं, अगदी सगळं. ती बाई मध्ये मध्ये हसत होती, डोळे पुसत होती, आणि पुढे काय झालं ते विचारत होती.