भट्टीतला प्राणवायू

मुरबाडच्या बाजाराबाहेर आमचं लोहाराचं दुकान होतं. बा ऐरणीवर, आई भात्यावर. साठच्या दशकाच्या अखेरीला मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तेव्हा आमच्या आळीतून कॉलेजात गेलेली मी एकटीच होते.

तिथे आम्ही झिर्कोनिया नावाच्या, प्रचंड उष्णता सोसणाऱ्या पदार्थाच्या नळ्या भाजायचो. चिनी मातीसारखी पांढरी, एक टोक बंद असलेली नळी. ती लाल होईस्तोवर तापली की तिच्या घट्ट भिंतीतून फक्त प्राणवायूचे विद्युतभारित कण सरकू शकतात. नळीच्या आत साधी हवा, बाहेर भट्टीतला वायू. प्राणवायू जास्तीकडून कमीकडे जाऊ बघतो, आणि त्या ओढीमुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या प्लॅटिनमच्या तारांमध्ये विजेचा दाब तयार होतो. फरक जेवढा मोठा, तेवढा दाब जास्त. बाटलीतल्या वायूंवर हे जमलं होतं. पण कोळशाच्या खऱ्या आगीत आमच्यापैकी कुणी नळी घातली नव्हती.

"सर, आमच्या घरी रोज भट्टी पेटते," मी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाले. सर हसले आणि जरा वाकडी निघालेली एक नळी त्यांनी मला दिली.

कापसात गुंडाळलेली नळी आणि काट्याचं मीटर मांडीवर घेऊन मी कल्याणहून एसटीने घरी आले.

बाने नळी सांडशीत धरली आणि थेट निखाऱ्यात घालायला निघाला.

"बा, थांब! एकदम तापली तर तडकंल."

भट्टीपाशी बाला कुणी थांब म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्याने सांडशी माझ्या हातात दिली. "घे. आज तू सांगशील तसं."

नळीच्या तारा मीटरला जोडून मी ती हळूहळू निखाऱ्यांकडे सरकवत नेली. ती लाल झाली तसा मीटरचा काटा वर चढला. म्हणजे निखाऱ्यांनी तिच्याभोवतीचा प्राणवायू खाऊन टाकला होता.

"आये, आता जोरात ओढ."

आईने भाता ओढला. वारा आत घुसला आणि काटा झर्रकन खाली आला. ती थांबली, काटा पुन्हा वर. तिने परत ओढला, परत खाली. मग ती भाता सोडून मीटरपाशी आली.

"ह्यो माज्या हातानं हलतोय?"

"तुज्याच. तू आत किती हवा घातलीस, ते सांगतोय."

"इतकी वर्सं वडतंय, कुनाला दिसलं नाय गो," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून पुन्हा भात्यावर बसली.

कोयत्याला पाणी देऊन घ्यायला आलेला एक शेतकरी दारात उभा होता. "काय चाललंय?" त्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बा बोलला, "आमची पोर आगीतली हवा मोजतेय. बस जरा, कोयता मंग."

तो बसला. बाजारातून परतणारे आणखी चारपाचजण थांबले. आईने प्रत्येकाला भाता ओढून काटा पाडून दाखवला.

सोमवारी मी टिपून आणलेले आकडे सरांपुढे ठेवले. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मला फळ्यापाशी उभं केलं. भट्टी कुणाची, असं एकाने विचारलं.

"माझ्या आईबापाची," मी म्हणाले आणि फळ्यावर आधी भाता काढला.