कारबोरेटरवाल्या मामी

मोशीच्या बोऱ्हाडे आळीत शालनबाईंना सगळे कारबोरेटरवाल्या मामी म्हणत. चाकणच्या एका कंपनीत दुचाकीचे कारबोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे भाग, जोडणाऱ्या लाइनवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. पुढं नव्या गाड्यांना कारबोरेटर लागेनासा झाला, लाइन बंद पडली आणि शालनबाई घरबसल्या साड्यांना फॉल-पिको करू लागल्या. नाव मात्र तसंच राहिलं. आळीत कुणाची जुनी गाडी ठसके द्यायला लागली की तो हमखास त्यांच्या दारात उभा राही. शालनबाई चेहरा गंभीर करून सांगत, "आधी प्लग पूस." निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागे, आणि मामींचा दबदबा आणखी वाढे.

खरं काय ते शालनबाईंनाच ठाऊक. लाइनवर त्यांची एकच जागा, एकच 'स्टेशन' होतं. डाव्या हाताकडून कारबोरेटरचा सांगाडा आला की त्यात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा, ठेवायचा, त्याची पिन सरकवायची आणि उजवीकडं ढकलायचा. आधी काय झालं, पुढं काय होणार, हे बघायला मान वर करायची सोय नव्हती. आपण बसवलेला फ्लोट कुठल्या गाडीत गेला, ती गाडी सुरू तरी झाली का, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. रस्त्यानं फटफटी गेली की वाटायचं, असेल आपला, नसेलही.

त्यांचा धाकटा भाऊ खंडू भामा आसखेड धरणाच्या काठी राहतो. पलीकडच्या वस्तीतली माणसं, दुधाची कॅनं, एखादी शेळी, असं सगळं तो होडीतून ने-आण करतो. होडीला मागं लावलेलं पेट्रोलचं इंजिन त्यानं कोकणातल्या एका कोळ्याकडून जुनंच घेतलेलं. दिवाळी झाली आणि त्या इंजिनानं मान टाकली. खंडू दोरी ओढओढून घामाघूम होई. इंजिन फुरफुरे, बुडाशी पेट्रोल गाळे आणि गप्प बसे. चाकणच्या मेकॅनिकनं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, याचे पार्ट कुठून आणू? भंगारात द्या." खंडूनं कारबोरेटर तेवढा सोडवला, फडक्यात बांधला आणि सरळ मोशी गाठली.

"आक्के, हे घे. तुज्याच हातचं काम हाय."

शालनबाईंनी गाठ सोडली. आतलं धूड काळंकुट्ट, चिकट, आणि त्यांच्या ओळखीच्या कारबोरेटरचा थोरला चुलता शोभावं असं.

"असला मी जन्मात बघितला न्हाई रं."

"न्हाई कसा? मंग येवढी वर्सं कंपनीत शेंगा सोलत हुतीस व्हय?"

शालनबाईंना रागही आला आणि हसूही. "ठिव तितं," त्या म्हणाल्या, "आन् तंवर वल्ही मार. पोट लई सुटलंय तुजं."

खंडू गेल्यावर त्यांनी दोन फोन लावले. पहिला कासारवाडीला, यशोदाबाईंना. या मूळच्या लातूरकडच्या. लाइनच्या शेवटी टेस्टिंगच्या टेबलावर बसायच्या आणि ज्याला त्याला "रिजेक्ट" म्हणायच्या. दुसरा पुनावळ्याला, दिव्याला. ती तिघींत लहान, हात सुईसारखा बारीक. तिच्याकडं जेट असायचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी केसाएवढ्या भोकाची पितळी बोंडं. "रविवारी या," शालनबाई म्हणाल्या, "येका कारबोरेटरला तिघी लागत्यात."

रविवारी दारापुढच्या ओट्यावर जुनी चादर अंथरली, घरातला गॅस सिलिंडरपाशी बंद केला आणि तिघी मांडी घालून बसल्या. स्क्रू सैल होईनात. यशोदाबाईंनी वरून हलके ठोके मारले, तेव्हा कुठं खालची वाटी निघाली आणि शिळ्या पेट्रोलच्या वासानं आळीतली मांजरंसुद्धा पळाली. आत पितळेचा, लाडवाएवढा पोकळ फ्लोट होता. शालनबाईंनी तो उचलला मात्र, आणि त्यांचा हात थबकला.

"ह्यो जड हाय गं."

त्यांनी तो कानाशी धरून हलवला. आत डुचमळलं.

"सापडलं!" त्या ओरडल्याच. "फ्लोटमदी पेट्रोल शिरलंय. गच्चीवरच्या टाकीतला बॉल फुटला की पाणी वाहत राहतं का न्हाई, तसं. ह्यो तरंगतच न्हाई, मंग पेट्रोल थांबंल कसं?"

कोमट पाण्यात बुडवल्यावर फ्लोटच्या सांध्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. आतलं पेट्रोल गाळून त्यांनी तो उन्हात वाळवला आणि आळीच्या तोंडाशी भांड्यांना डाग देणाऱ्याकडून सांधा बुजवून आणला. "पातळ लाव बाबा, वजन वाढता कामा न्हाई," असं त्याला इतक्यांदा बजावलं की तो म्हणाला, "मामी, सोन्याचा हाय का काय?"

तोवर दिव्या जेटमागं लागली होती. भोक मळानं बुजलेलं. शालनबाईंनी मदत म्हणून फॉलची सुई पुढं केली.

"ताई, सुई खाली ठेवा!" दिव्या किंचाळली. "भोक जरा मोठं झालं तर इंजिन पेट्रोल पीतच सुटेल."

तिनं जेट क्लीनरमध्ये भिजवला, सायकलच्या पंपानं वारा मारला, पुन्हा भिजवला. शेवटी तो उन्हाकडं धरला तेव्हा भोकातून उजेडाचा एक ठिपका दिसला. तिनं तो दोघींना आळीपाळीनं दाखवला. संकष्टीचा चंद्र बघावा तसा दोघींनी बघितला.

जोडताना एक बारकी स्प्रिंग नाहीशी झाली. कंपनीत पार्ट पडला तर दुसरा घ्यायचा. इथं दुसरा होता कुठं? तिघी ओट्यावर रांगू लागल्या. चादर झटकली, चपला झटकल्या. अखेर यशोदाबाई कमरेला हात देत उठल्या आणि त्यांच्या निऱ्यांतून स्प्रिंग टपकन खाली पडली.

"टेस्टिंगवालीच चोर निघाली," दिव्या म्हणाली. मग पुढची काही मिनिटं कामाला कुणाचाच हात लागला नाही, इतक्या हसल्या.

सगळं बसवल्यावर यशोदाबाईंनी कारबोरेटर उलटा धरला, पेट्रोलच्या नळीत फुंकर मारली आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "रिजेक्ट."

"काय म्हणून?" शालनबाई तडकल्या.

"हवा पास व्हायलीय. उलटा धरल्यावर फ्लोटनं वाट बंद कराया पाहिजे. तुझंच स्टेशन हाय, बघ."

शालनबाईंनी तणतणत पुन्हा उघडलं. फ्लोटवरची बारकी सुई पेट्रोलची वाट बंद करायला जिथं टेकते त्या जागी मळाचं बारीक कडं राहिलं होतं. त्यांनी कापसानं ते घासघासून पुसलं आणि पिन सरकवली. इतक्या वर्षांनीही बोटांना डोळ्यांची मदत लागली नाही. यशोदाबाईंनी फुंकर मारली. गाल फुगले, चेहरा लाल झाला, हवा जाईना.

"ओके," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तिघी चाकणवरून जीप धरून धरणावर पोचल्या. खंडूनं कारबोरेटर चढवला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. काठावर बघ्यांची गर्दी जमली होती. 

"मामा," दिव्या हळूच म्हणाली, "टाकीची तोटी बंद आहे."

खंडूनं जीभ चावून तोटी सोडली. पुढच्या ओढीला इंजिन खाकरलं, निळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. काठावरच्यांनी शिट्ट्या मारल्या. दिव्या टाळ्या पिटत होती. शालनबाई नुसत्या उभ्या होत्या. आवाज काही गोड नव्हता, पत्र्यावर खडीच्या पाट्या ओतल्यासारखा होता. पण हा कारबोरेटर कुठं गेला हे पहिल्यांदाच त्यांना दिसत होतं.

तिघी होडीत बसल्या. पाण्याच्या मध्यावर वेग कमी करताच इंजिन अडखळू लागलं. यशोदाबाईंनी स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, कान टेकवल्यासारखी मान कलती केली आणि कारबोरेटरवरचा स्क्रू पाव आटा फिरवला. धडधड सरळ झाली.

"खंड्या, बंद कर," शालनबाई म्हणाल्या.

"का गं? झ्याक चाललंय की!"

"बंद कर म्हंते ना."

इंजिन थांबलं. होडी पाण्यावर डुलत राहिली. शालनबाईंनी पदर खोचला, भावाला बाजूला सारलं आणि दोरीची मूठ हातात घेतली. पहिल्या ओढीला तोल जाऊन त्या दिव्याच्या मांडीवरच बसल्या. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं.

पलीकडच्या काठावर दूधवाला कॅनं घेऊन खोळंबला होता. तो हात उंचावून ओरडत होता, "आरं, या की लवकर! दूध नासंल!"

"आलो, आलो," शालनबाई होडीतून ओरडल्या आणि खंडूला म्हणाल्या, "आदी येक चक्कर मार, मंग तिकडं ने."